सकाळी हात थरथरतात आणि एएला जायचंय: केजकडच्या माणसाने सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३८. केज तालुक्यातलं गाव, आडतीवर मुनीम आहे. बारा वर्षांपासून पितो, गेली चार वर्षं रोज दोन क्वार्टर. सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. एएची मीटिंग असते असं ऐकलंय. ती कुठं भरते, कशी शोधायची, तिथं काय करतात? ओळखीचं कुणी निघालं तर? आणि बायको विचारते, तिच्यासाठी तसं काही असतं का?"

भाऊ, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सकाळच्या थरथरीचं आहे, म्हणून एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या, मीटिंगआधी त्यावर बोलू.

दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. इंग्लिशच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे रोज सुमारे १२० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल पोटात जातंय. दारू मेंदूला गुंगी आणते. रोजच्या गुंगीला तोंड देता देता मेंदू स्वतःला कायम चेतवलेला ठेवायला शिकतो. एके दिवशी दारू काढून घेतली की गुंगी जाते आणि चेतवणं तेवढंच राहतं. थरथर, घाम, धडधड, मळमळ, उडालेली झोप हे सगळं त्यातून येतं आणि शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत सुरू होतं. सकाळी थोडी घेतल्यावर तुम्हाला बरं वाटतं ते याचमुळे. एकदम बंद केली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, दिवस-रात्र कळत नाही, अंग तापतं. खेड्यात याला 'बाहेरचं झालं' म्हणतात आणि माणसाला देवऋष्याकडे नेतात. तो वेळ दवाखान्यात जायचा असतो, त्यात उशीर झाला तर जीव जातो.

तेव्हा 'सोमवारपासून बंद' अशी शपथ घरी बसून घेऊ नका. आधी डॉक्टर. केजहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर केसपेपर काढायचा आणि मानसोपचाराची ओपीडी विचारायची. मराठवाड्यातल्या इतरांसाठी संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरचं शासकीय रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयांतला मानसिक आरोग्य विभाग. डॉक्टरांना चार गोष्टी खऱ्या सांगा: रोज किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का, आणि दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. प्रमाण निम्मं करून सांगायची सवय असते, इथं ती महागात पडते, कारण गोळ्यांचा डोस त्याच आकड्यावर ठरतो. थरथरीवरच्या गोळ्या साधारण पाच ते दहा दिवसांत उतरवत नेतात. कधी भरती करून, कधी घरी, सोबत जबाबदार माणूस असेल तर.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात 'एक बाटली लावा' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१, म्हणजे थायमिन, फार कमी असतं, आणि ग्लुकोज जाळायला शरीराला तेच लागतं. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि नजर, तोल, स्मरणशक्ती यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून सुई टोचायच्या आधी तोंडाने सांगा: "मी रोज पिणारा आहे, थायमिन आधी द्या."

फोनवर विचारायचं असेल तर सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस १४४१६ हे दोन्ही फुकट नंबर आहेत, टेलिमानस रात्री-अपरात्रीही लागतो. फिट आली किंवा भ्रम सुरू झाला तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, १०८ बोलवा.

आता ग्रुप.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही हाताबाहेर गेलेले पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्याच्या आधारावर सोबर, म्हणजे दारूशिवाय, राहिले. पुढे बारा पायऱ्या (सोडणाऱ्याने स्वतः चढायच्या), बारा परंपरा (ग्रुप कसा चालवायचा त्या) असं बरंच काही आलं, पण खोलीत आजही मुळात तेच घडतं: एक दारुडा दुसऱ्या दारुड्याशी खरं बोलतो. डॉक्टर, कीर्तनकार, सासरे, सरपंच या सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं. त्यातल्या कुणालाही पहाटे पाचला गादीखालची बाटली चाचपडणं म्हणजे काय ते माहीत नसतं. खोलीतल्या माणसाला ते माहीत असतं. याचा उपयोग होतो की ती नुसती श्रद्धा आहे, हे तपासलं गेलेलं आहे. २०२० साली वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र पाहिली. पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचे किंवा त्यांहून सरस निघाले. मात्र हा फायदा जात राहणाऱ्यांचा आहे. एकदा डोकावून आलेल्याला त्यातलं काही मिळत नाही.

शोधायचा कसा? मराठवाड्यात ग्रुप मुख्यतः जिल्ह्याच्या गावी आणि काही मोठ्या तालुक्यांच्या ठिकाणी भरतात. संभाजीनगरात एकाहून जास्त वार मिळतात, लहान गावात आठवड्यातून एखादाच. बाहेर पाटी क्वचितच असते. खोली शाळेची, चर्चची, समाजमंदिराची किंवा दवाखान्याच्या आवारातली असते, त्यामुळे पत्ता घेऊन फिरणारा माणूस दारापर्यंत जाऊनही परत येतो. म्हणून आधी फोनवरचा माणूस मिळवा, खोली तो दाखवतो. एएचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या वेबसाइटवर गावनिहाय ग्रुप आणि हेल्पलाइन मिळते. दुसरा आणि बहुतेक वेळा जास्त ताजा रस्ता म्हणजे वर सांगितलेली मानसोपचार ओपीडी. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा समुपदेशकाला विचारा, त्यांच्याकडे एखाद्या जुन्या मेंबरचा नंबर बहुधा असतो. तिसरा रस्ता, आधी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेली माणसं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि मराठवाड्यातून तिथं जाऊन आलेला माणूस पंचक्रोशीत सापडतो. तो एएचा नसला तरी कोण कुठं बसतं ते त्याला ठाऊक असतं.

यादीतले नंबर जुने होतात. मेंबर सिम बदलतो, गाव सोडतो, कधी पुन्हा प्यायला लागतो. तीन नंबर लावा, एक लागेल. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान लावा आणि शुद्धीत असताना लावा. बोलायला जड जातं, म्हणून वाक्य ठरवूनच ठेवा: "मला दारू सोडायची आहे, मीटिंगची माहिती पाहिजे. माझं गाव केजकडं आहे." एवढं पुरे. तुमच्यासाठी बायकोने किंवा भावाने केलेला फोन ते घेतील, पण शेवटी 'त्यांनाच बोलू द्या' असं म्हणतील. यात तुसडेपणा नसतो. दारू सोडायची इच्छा ही तिथली एकमेव अट आहे, आणि ती ज्याची त्यानेच सांगायची असते. फी नाही, वर्गणी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. कुणी 'एएची प्रवेश फी' मागितली तर ते एए नाही, पुढे बोलू नका.

फोनवर विचारून घ्यायच्या गोष्टी: वार आणि वेळ, नेमकी खोली आणि आत जायचं दार, मीटिंग खुली आहे की बंद, दारात कोण भेटेल. खुल्या मीटिंगला घरचे आणि इतर लोक बसू शकतात, बंद मीटिंगला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे ते. पहिल्या खेपेला भाऊ सोबत येणार असेल तर हे आधी कळलेलं बरं, नाहीतर तो बाहेर पारावर बसतो आणि तुमचं लक्ष त्याच्याकडे राहतं. मीटिंगच्या दिवशी दुपारी पुन्हा एक फोन करा. लगनसराईत, दहावीच्या परीक्षेत, गणपतीत खोली मिळत नाही आणि मीटिंग आयत्या वेळी दुसरीकडे भरते. पन्नास किलोमीटर जाऊन कुलूप बघून परतणारा माणूस त्या रात्री पितो. कुलूप हे नव्या माणसाला पिण्यासाठी मिळणारं सगळ्यात सोयीचं कारण.

प्रवासाचं गणित आपल्याकडे मीटिंगइतकंच महत्त्वाचं आहे. मीटिंग साधारण संध्याकाळी सहा-सातला सुरू होते, तास-दीड तास चालते. अंबाजोगाई, बीड, लातूर, कळंब यांपैकी जिथं ग्रुप मिळेल तिथून केजकडं यायची शेवटची एसटी कोणती, हे जातानाच चौकशी खिडकीवर विचारा आणि तीही चुकली तर काय, हे ठरवून ठेवा. स्टँडसमोर बार असतो. उपाशीपोटी, थकलेले, एकटे आणि वर गाडी चुकल्याची चिडचिड. एएत या चारींची नावं पाठ करायला लावतात, कारण भूक, राग, एकटेपण आणि थकवा यांतलं एक जरी असलं तरी तलफ जोर धरते. तुमच्याकडे ती चारही एकाच वेळी स्टँडवर उभी असतील. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा असू द्या. खिशात भाडं आणि चहापुरतेच पैसे. आणि जुन्या मेंबरला सरळ सांगा, "मला गाडीत बसवून द्या." ते बसवून देतात, हे त्यांचं कामच आहे.

खोलीत काय होतं? दहा-बारा खुर्च्या, कधी सतरंजी. टेबलावर घोषवाक्यांचे पुठ्ठे: 'फक्त आजचा दिवस', 'पहिला पेला टाळा' अशा अर्थाचे. एकजण चेअरला बसतो. तो त्या दिवसापुरताच, अध्यक्ष वगैरे नाही. सुरुवातीला एएची ओळख वाचतात, मग पायरी किंवा परंपरा, मग एकेकाचं शेअरिंग. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे," असं म्हणून माणूस पाच-दहा मिनिटं बोलतो: काय होतं, काय झालं, आज कसं आहे. मधे कुणी तोंड घालत नाही, प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही. मराठवाड्यातल्या चार माणसांत मधेच न बोलता ऐकणं ही चीज दुर्मिळ, त्यामुळे पहिल्यांदा ती शांतता अवघड वाटते. तुमची पाळी आली की "मी पहिल्यांदाच आलोय, आज फक्त ऐकतो," म्हटलं तरी चालतं. स्वतःला अल्कोहोलिक म्हणायची सक्ती नाही. मधे टोपी किंवा पिशवी फिरते, लोक दहा-वीस रुपये टाकतात. त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. नव्या माणसाने टाकलेच पाहिजेत असं नाही. शेवटी उभं राहून शांतीची छोटी प्रार्थना होते आणि मग चहा.

चहाच्या त्या पंधरा मिनिटांत पळून जाऊ नका. मीटिंगमध्ये जे ऐकलं ते डोक्यात राहतं की नाही सांगता येत नाही, पण चहाच्या वेळी घेतलेले दोन-तीन फोन नंबर खिशात राहतात. कागदावर घ्या, मोबाइल चार्जिंगला दगा देतो. दुसऱ्या दिवशी तलफ नसतानाच एक फोन करा. "काल आलो होतो, सहज केला." तलफ आल्यावर अनोळखी माणसाला पहिला फोन लावणं जवळपास कुणालाच जमत नाही. सवय आधी लावावी लागते.

देवाचा भाग बऱ्याच जणांना खटकतो. बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, पण 'आम्हाला उमगलेला ईश्वर' अशा मोकळ्या अर्थाने. माळकरी पांडुरंग म्हणतो, मुस्लिम मेंबर अल्ला म्हणतो, बौद्ध आणि नास्तिक मेंबर ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि काम भागतं. एखाद्या ग्रुपमध्ये फोटो, आरती, एकाच धर्माचं वळण दिसलं तर ती तिथल्या लोकांची लकब आहे, एएचा नियम नाही. पटलं नाही तर दुसरा ग्रुप बघा. आणि ज्यांनी दारू सुटावी म्हणून माळ घातली आहे त्यांनी माळ काढायची गरज नाही. फक्त माळ तुटली की माणूस लाजेने वारीतूनही जातो आणि मीटिंगमधूनही, तेवढं होऊ देऊ नका. ग्रुपमध्ये स्लिप झालेल्यालाही, म्हणजे पुन्हा प्यायलेल्यालाही, खुर्ची असते.

ओळखीचं कुणी निघालं तर? निघेलच, असं धरून चला. आपल्याकडे दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न 'गाव कोणतं' आणि दुसरा 'कुणाचे तुम्ही'. एएत फक्त पहिलं नाव चालतं. अमेरिकेत तो बदनामीपासूनचा आडोसा होता, आपल्याकडे त्याला आणखी एक अर्थ येतो: आडनाव गेलं की जात, घराणं, भावकी, पक्ष सगळं दाराबाहेर राहतं. कुणी सवयीने विचारलंच तर 'इकडचाच' म्हणून विषय सोडा. आता ओळखीचा माणूस. तो तिथं बसला आहे म्हणजे तोही त्याच कारणाने बसला आहे. तुमचं नाव बाहेर सांगायचं तर त्याला आधी स्वतः तिथं होतो हे सांगावं लागेल. 'इथलं इथंच राहू दे' हे प्रत्येक मीटिंगमध्ये म्हटलं जातं आणि बहुधा पाळलंही जातं. शंभर टक्के हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. तेव्हा खोलीत दारूबद्दल सगळं बोला, पण आडतीच्या गल्ल्याचा, जमिनीच्या वादाचा किंवा पोलीस केसचा तपशील चारचौघांत सांगू नका. तो स्पॉन्सरसाठी (तुम्हाला हाताशी धरून नेणारा जुना मेंबर) किंवा वकिलासाठी ठेवा. फारच संकोच असेल तर आपल्या तालुक्याऐवजी शेजारच्या जिल्ह्यातला ग्रुप धरा. केजवाल्याला कळंब परकं आणि जवळचं, दोन्ही आहे. आणि एक विचारू का? गावातल्या बारमध्ये शिरताना कोण बघतंय याची फिकीर गेल्या चार वर्षांत किती वेळा केलीत?

पहिल्या दीड महिन्यात माणसं गळतात, ती ठरावीक जागी गळतात. पहिली जागा तुलनेची. कुणी सांगतो त्याने शेत विकलं, कुणी बायकोचं डोरलं मोडलं, आणि ऐकणारा मनात म्हणतो, आपलं एवढं नाही, आपली नोकरी शाबूत आहे. आकडे आणि प्रसंग जुळवत बसलात तर फरकच सापडणार. 'एकच घेईन म्हणून बसलो आणि थांबता आलं नाही' हे जुळतं का तेवढं बघा. दुसरी जागा, पहिला ग्रुप नापसंत पडण्याची. लहान ग्रुपमध्ये चारच माणसं असतात आणि एखादा वीस मिनिटं तेच तेच सांगतो. निदान सहा मीटिंगा आणि जमलं तर दोन वेगवेगळे ग्रुप बघितल्याशिवाय मत बनवू नका. तिसरी जागा बरं वाटण्याची. पंधरा दिवसांत भूक लागते, झोप येते, उतरलेला चेहरा भरून येतो, आणि घरचेच म्हणतात, आता कशाला दर आठवड्याला जायचं, कामं पडलीत. नेमकी हीच वेळ घसरण्याची असते.

एएत नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असं सांगतात. पुणे-मुंबईला ते जमतं, केजहून जमणार नाही. मग आठवड्याला एक प्रत्यक्ष मीटिंग, बाकीच्या दिवशी मोबाइलवरच्या मराठी किंवा हिंदी ऑनलाइन मीटिंगा, आणि रोज एक फोन, असा मेळ बसवा. ऑनलाइनला कॅमेरा बंद ठेवता येतो, नाव पहिलंच लिहायचं. इअरफोन लावून शेताच्या बांधावर बसलात तरी चालतं. फक्त ऑनलाइनवर भागवू नका. स्क्रीनवर माणूस पिऊनही बसतो आणि कुणाला वास येत नाही.

पिऊन मीटिंगला गेलात तर? हाकलत नाहीत. मागे शांत बसवतात, बोलू देत नाहीत, चहा देतात. न जाण्यापेक्षा ते बरं, पण मोटारसायकल चालवत जाऊ नका.

काही खटकणाऱ्या गोष्टी आधीच माहीत असाव्यात. जुना मेंबर सांगेल, "गोळ्या बिळ्या बंद कर, त्याही नशाच." ऐकू नका. डॉक्टरांच्या गोळ्यांबद्दल सल्ला देणं एएच्या कामात बसत नाही, आणि फिटची किंवा नैराश्याची गोळी अचानक बंद करणं धोक्याचं आहे. कुणी उसने पैसे मागेल, कुणी विमा किंवा भिशी गळ्यात मारेल. 'मी इथं त्यासाठी येत नाही' एवढं म्हणा. कामावर द्यायला हजेरीचं प्रमाणपत्र हवं असेल तर ग्रुपकडे ते नसतं, तिथं हजेरीच मांडत नाहीत. तो कागद दवाखान्यातून घ्या. आणि एखादा तुम्हाला भरती करायला खासगी केंद्राचा पत्ता देऊ लागला तर आधी नोंदणी विचारा. डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का ते बघा. गाडी पाठवून माणसाला उचलून नेतो म्हणणारी, बांधून ठेवणारी, मारणारी ठिकाणं उपचार करत नाहीत, ती बेकायदा आहेत.

स्पॉन्सर महिना-दोन महिन्यांनी धरा. किमान वर्षभर सोबर असलेला, फोन उचलणारा, आणि पुरुषाला पुरुष, बाईला बाई. पिणाऱ्या बायकाही असतात, आपल्याकडे फक्त त्यांचं नाव कुणी काढत नाही. त्यांनी फोनवरच महिला मेंबर मागावी किंवा महिलांची ऑनलाइन मीटिंग धरावी. दहा पुरुषांत एकटी बाई मोकळं बोलेल ही अपेक्षाच चुकीची.

घसरलात तर त्याच दिवशी फोन करा. एक पेग गेला तर एक पेग गेला. 'आता गेलंच आहे तर' या वाक्याने त्याचे चार दिवस होतात. आणि चार दिवस पुन्हा रोज घेतली असेल तर बंद करताना पुन्हा डॉक्टर, सुरुवातीला सांगितलेल्या त्याच कारणाने. जिथं घसरण्याची शक्यता असते तेही ठरलेलं असतं: हळदीची रात्र, पोळा, धोंड्याचं जेवण, यात्रेचं मटण, निवडणुकीतले शेवटचे चार दिवस, आणि मुनीम असाल तर सोयाबीन, तूर यायच्या हंगामात आडतीवरची रोजची बैठक. हळदीला जावंच लागलं तर जेवणाच्या पंगतीपुरतं जा, स्वतःच्या गाडीने जा, आणि मंडपामागे कुणी बोलावलं तर 'गोळी चालू आहे' म्हणा. हे कारण आपल्याकडे सगळे मानतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्यानंतर टोळी हलायच्या आधीच ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या जवळच्या शहरातल्या ग्रुपचा नंबर कागदावर घेऊन ठेवावा. सहा महिने मीटिंग तुटली की उन्हाळ्यात परत आलेला माणूस पुन्हा पहिल्या दिवसावर असतो.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा ग्रुप, आणि किशोरवयातल्या मुलांसाठी अलाटीन. चौकशी एएच्याच नंबरवर करायची. मराठवाड्यात अल-अनॉनच्या प्रत्यक्ष मीटिंगा एएपेक्षा कमी, म्हणून फोन आणि ऑनलाइन धरून चला. जायचं असेल तर एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि नणंद किंवा शेजारीण सोबत घेतली तर घरात प्रश्न कमी येतात. तुम्ही मीटिंगला जा अथवा न जा, वहिनींनी जायला हरकत नाही. तिथं पहिल्यांदा कानावर पडतं ते हे: दारू मी लावली नाही, मी ती थांबवू शकत नाही, मी ती बरी करू शकत नाही. ऐकायला कोरडं वाटतं. पण 'सून चांगली असती तर पोरगा प्याला नसता' हे दहा वर्षं ऐकलेल्या बाईला त्याने श्वास घेता येतो. घरात त्याचा अर्थ असा: बाटल्या शोधून मोरीत ओतायच्या नाहीत, आडतीवर 'ताप आलाय' असा खोटा फोन करायचा नाही, दारूची उधारी फेडायची नाही. पगार मात्र शक्य तितका वहिनींच्या खात्यात जाऊ द्या, हे तुम्ही शुद्धीत असताना तुम्हीच ठरवा. मारहाण होत असेल तर तो ग्रुपमध्ये मांडायचा विषय राहत नाही. ११२ किंवा महिलांसाठी १८१.

त्यांना कुणीतरी नक्की सांगेल की जेवणात गुपचूप टाकायची पुडी मिळते, नवऱ्याला कळतही नाही. अशा पुड्यांत अनेकदा डायसल्फिरामसारखं औषध असतं. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हा धोका राहतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला सांगून, तपासण्या करून देतात. न सांगता घालणं म्हणजे विषप्रयोगच.

शेवटी, जवळपास ग्रुपच नाही निघाला तर. एएच्या परंपरेप्रमाणे दोन-तीन पिणारे सोबर राहायला म्हणून एकत्र बसले की ग्रुप होतो, कुणाची परवानगी लागत नाही. अंबाजोगाईच्या ओपीडीत तुमच्यासारखाच एखादा केजचा माणूस भेटेल. त्याच्यासोबत दोन-तीन महिने दुसरीकडच्या मीटिंगा करा, मग केजात बसा. वार असा निवडा की ज्या दिवशी बाजार नाही. खोली शाळेची किंवा वाचनालयाची घ्या आणि पन्नास रुपये का होईना, भाडं द्या, फुकट घेऊ नका. पुढाऱ्याकडून खुर्च्या, बॅनर, देणगी काही नको, एएत बाहेरचा पैसा चालत नाही आणि पुढारी आला की फोटो येतो. मराठी साहित्य मुंबईच्या कार्यालयातून मागवता येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत दोघंच असाल. तरीही वाचन, शेअरिंग, प्रार्थना ठरल्या वेळेत करा, कारण तिसरा माणूस बहुतेक वेळा आधी दोन-तीनदा बाहेरून चक्कर मारून जातो आणि दिवा चालू आहे का ते बघतो.